पुढील आदेशापर्यंत अंधार

संपादकांचा फोन आला तेव्हाच मी सांगितलं होतं, प्रसन्न लेख हवा असेल तर दुसऱ्या कुणाला तरी धरा. ते म्हणाले, "काका, दिवाळी अंक आहे. तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा ना, बिल्कुल हलकंफुलकं." गमतीजमती आहेत माझ्याकडे. पोतंभर आहेत. त्यातल्या अर्ध्या खऱ्यासुद्धा आहेत. पण नेमका त्याच आठवड्यात आमच्या नोएडाच्या सोसायटीत घरोघरी एक गुळगुळीत पत्रक वाटलं गेलं: 'अंधार पडल्यावर पायी चालताना फिकट, चमकदार कपडे घाला. वाहनचालकांना दिसा. आपली सुरक्षा आपल्या हाती.' ते वाचून माझं डोकं जे फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही. तेव्हा हा लेख फिरलेल्या डोक्याचा आहे. फराळ करून मग वाचा, नाहीतर चिवडा घशात अडकेल.

मी पत्रक घेऊन थेट सोसायटीच्या सेक्रेटरींच्या दारात गेलो. म्हटलं, "मागच्या गल्लीतले खांब कधीपासून बंद आहेत?" तर म्हणे, "अंकल, वो तो अथॉरिटी का मैटर है." म्हटलं, "फुटपाथवर जनरेटर कुणी ठेवलाय?" तर म्हणे, "वो तो सोसाइटी का है." म्हणजे फुटपाथ तुम्ही खाल्ला, दिवा अथॉरिटीनं, म्हणजे इकडच्या महापालिकेनं, खाल्ला, आणि चमकायचं कुणी? संध्याकाळी भांडी घासून घरी चाललेल्या बाईनं! दिवाळीत आमच्या इमारतीवर एवढ्या माळा सोडतात की माझी खात्री आहे, चंद्रावरून कुणी पाहिलं तर त्याला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या करंज्या मोजता येतील. आणि त्याच इमारतीमागच्या गल्लीत माणसाला स्वतःचा हात दिसत नाही.

बायको म्हणाली, "अहो, ओरडू नका, बीपी वाढेल. लेख लिहा." म्हणून लिहितोय.

मी मूळचा भंडाऱ्याचा. तीसहून जास्त वर्षं दिल्लीजवळ एका सरकारी प्रयोगशाळेत तांत्रिक अधिकारी होतो. काम काय, असं विचाराल तर एका वाक्यात सांगतो: रात्री गाडीच्या दिव्यासमोर आलेली वस्तू ड्रायव्हरला किती दिसते, ते मोजायचं. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पाट्या, ट्रकमागच्या लाल-पांढऱ्या पट्ट्या, सफाई कामगारांची जॅकेटं. त्या चमकणाऱ्या पट्टीला अख्खा हिंदुस्तान 'रेडियम' म्हणतो. रेडियम नाही हो ते! खरं रेडियम असतं तर मी हा लेख लिहायला उरलो नसतो, आणि उरलो असतो तर अंधारात हिरवा दिसलो असतो. त्या पट्टीत पिठाहून बारीक काचेचे मणी असतात. एकेका मण्याचा स्वभाव असा की प्रकाश ज्या दिशेनं आला त्याच दिशेला परत पाठवायचा, इकडे तिकडे सांडायचा नाही. गाडीचा दिवा आणि ड्रायव्हरचा डोळा जवळजवळ असतात, म्हणून पट्टी ड्रायव्हरला झळझळीत दिसते आणि बाजूला उभ्या माणसाला मेलेली. घरी करून बघायचं असेल तर टॉर्च हातात लांब धरू नका, कानशिलाला टेकवून धरा आणि मग पट्टीकडे बघा. एवढं एक वाक्य मी आयुष्यात किमान एक लाख लोकांना सांगितलंय. बायको म्हणते, चाळीस. असो.

ग्राहक एकेक नमुने असत. पानिपतचे एक मदानजी होते, घोंगड्या-चादरींच्या धंद्यातून जॅकेटांच्या धंद्यात आलेले. आले ते जॅकेट घालूनच आले. "साहब, ऐसा चमकेगा कि ट्रकवाला गॉगल पहनेगा!" जॅकेट खरोखर चमकत होतं. फक्त पट्टीवर त्यांनी स्वतःच्या कंपनीचं नाव काळ्या शाईत इतकं ठळक छापलं होतं की अंधारात माणूस दिसायचा नाही, नावाच्या फटी तेवढ्या दिसायच्या. मी म्हटलं, मदानजी, ड्रायव्हरला तुमचं नाव वाचायला थांबायचं नाहीये. ते हसले. मग जॅकेट धुलाईच्या चाचणीला गेलं. ठरलेल्या धुलाया झाल्यावर बाहेर आलं तेव्हा त्यावर एक मणी शिल्लक नव्हता, सगळे पाण्यातून गटारात. जॅकेट मेलं आणि गटार चमकायला लागलं. त्यानंतर आमच्या त्या गटारात रात्री एकही गाडी पडली नाही, शपथेवर सांगतो. मी नमुना नापास केला. पानिपतहून आलेल्या माणसाला मराठी माणसानं समोरासमोर हरवल्याची इतिहासातली ती पहिली नोंद, आणि ती माझ्या सहीची आहे.

आता मुद्द्यावर येतो. आमची प्रयोगशाळा आणि तिचं मोकळ्यावरचं चाचणी-मैदान नोएडाच्या पलीकडे होतं, जिथे सेक्टरांचे आकडे मोजता मोजता अथॉरिटी दमते आणि मोहरीची शेतं लागतात. तिथे एक सरळ डांबरी पट्टा, एका टोकाला गाडी, दुसऱ्या टोकाला जॅकेट घातलेला पुतळा. काम सुरू व्हायचं अंधार पडल्यावर. आणि लागायचा काय? अंधार. शुद्ध अंधार. दिल्लीभोवतीच्या या एनसीआरमध्ये पैसे टाकले तर शुद्ध तूप मिळेल, शुद्ध हवेची डबी मिळेल, शुद्ध अंधार मिळत नाही. कुठून तरी मॉलचा झोत येतो, कुठून तरी लग्नाचा मांडव. एका कोजागिरीच्या आठवड्यात तर मी डायरेक्टर साहेबांना लेखी कळवलं होतं की चंद्रामुळे मापनात अडथळा येत आहे, संबंधितांना सूचना व्हावी. त्यावर 'चर्चा करावी' असा शेरा मारून फाइल परत आली. विश्वास ठेवू नका हवं तर, फाइल अजून असेल तिथे.

चंद्राचं काही जमलं नाही. पण मैदानाच्या भिंतीला लागून प्रयोगशाळेचा स्वतःचा रस्ता होता. गेटपासून मोठ्या सडकेवरच्या बस थांब्यापर्यंत, अकरा खांब; बाहेरच्या गाड्याही आडवाट म्हणून त्यावरून सुसाट जात. त्यांचा पिवळा उजेड भिंतीवरून आत सांडायचा आणि माझे आकडे बिघडवायचा. मी एक नोट लिहिली: मापनाच्या काळात सदर मार्गावरील दिवे सायंकाळी बंद ठेवावेत. दर हंगामात नवी नोट लिहायचा कंटाळा. म्हणून शेवटी माझ्या हातानं दोन शब्द वाढवले. 'पुढील आदेशापर्यंत.' मंजूर झाली. त्या संध्याकाळी अकराचे अकरा खांब विझले, आणि मैदानावर असा अंधार उतरला की मी टाळ्या वाजवल्या. दिल्लीच्या उंबरठ्यावर अंधार आणून दाखवणारा मी एकमेव सरकारी नोकर आहे, असं पुढे कित्येक पार्ट्यांमध्ये मी सांगत असे. लोक हसत. मीही हसत असे.

मापनं दोन आठवड्यांत संपली. दिवे चार वर्षं बंद राहिले. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आम्ही सगळे साडेपाचच्या ऑफिसच्या बसनं गेटातून बाहेर पडत असू, आणि मैदानावर काम असेल त्या दिवशी जीपनं. त्या रस्त्यावरून पायी जाणारं माणूस एकच होतं.

कमलेश. कमलेश म्हणजे बाई. आपल्याकडे हे नाव ऐकलं की डोळ्यांसमोर मिशा येतात, इकडे उत्तरेत बायकांचंही असतं. ठेकेदारामार्फत सफाईला होती, पन्नाशीच्या आसपासची. आम्ही गेल्यावर खोल्या झाडायची, कुलपं लावायची आणि सव्वासहा-साडेसहाला निघायची. थंडीत त्या वेळी मिट्ट काळोख. मैदानावर काम असलं की ती जाता जाता थांबायची आणि माझी फिरकी घ्यायची. "साहब, सरकार आपको तनख्वाह किस बात की देती है? गुड़िया को कपड़े पहनाने की?" पुतळ्याला ती गुड़िया म्हणायची.

एकदा मी तिला म्हटलं, "कमलेश, या रस्त्यानं रोज अंधारात जातेस, गाड्या भरधाव येतात. भीती नाही वाटत?"

"काहे की? गाड़ी तो मुझे दूर से दिख जाती है."

बस्स. हीच ती चूक. सगळ्या जगातला पायी चालणारा माणूस ही एकच चूक करतो. प्रोफेसर करतो, मंत्री करील (तो चालला तर). मला गाडी दिसते म्हणजे गाडीला मी दिसतो. गाडीला दोन दिवे आहेत बाई, तुला एकही नाही! ती तुला कोसभरावरून दिसते, तू तिला अगदी तोंडाशी आल्यावर दिसतेस. पण असं सांगून कुणाला पटत नाही. म्हणून मी तिला जीपमध्ये बसवलं. आमचा इलेक्ट्रिशियन सतबीर, मोठा बेरकी माणूस, त्याला तिची तपकिरी शाल पांघरायला दिली आणि पट्ट्यावर पुढे चालायला पाठवलं. मी दिवे डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, टाकले, गाडी बैलगाडीच्या चालीनं सोडली. म्हटलं, "सतबीर दिसला की सांग."

ती काचेला नाक लावून बसली. "कहाँ है? भाग गया होगा, कामचोर है."

"बघ नीट."

"कोई नहीं है, साहब. सड़क खाली है. खाली है... हाय राम!"

मी ब्रेक दाबला. सतबीर बॉनेटसमोर उभा होता आणि दात काढत होता. एरवीच्या वेगात असतो तर त्याचे दात वेचावे लागले असते.

मला वाटलं कमलेश हसेल. ती हसली नाही. शाल परत घेतली, हातात धरून बसली. मग म्हणाली, "मतलब, चार साल से मैं रोज़ ऐसे ही जा रही हूँ?"

"हाँ."

"और आपको पता था?"

मी काहीतरी विनोद केला. काय केला ते आठवत नाही, आणि मला माझे विनोद सहसा आठवतात.

दुसऱ्या दिवशी मी तिला एक जॅकेट दिलं. पास झालेलं, उत्तम, पुढे-मागे रुंद पट्ट्या. गेटवरच्या गार्डनं अडवलं, सरकारी नमुना बाहेर कसा चालला? मी गेटपास बनवून दिला. एका जॅकेटला गेटपास, तीन सह्या. मी खूश. डिपरवर तपासलं होतं मी ते, गेटपासून बस थांब्यापर्यंत ती काजव्यासारखी दिसली असती. (हे वाक्य आमच्या मुलीला वाचून दाखवलं तर म्हणते, "बाबा, काजवा म्हणजे जुगनू ना?" दिल्लीत वाढलेली पोरं, काय करता.)

आठवड्याभरानं पाहिलं तर जॅकेट तिच्या पिशवीत, घडी घातलेलं.

मी भडकलो. "जान प्यारी नहीं है क्या? पहनती क्यों नहीं?"

तिनं आजूबाजूला पाहिलं, सतबीर लांब आहे याची खात्री केली आणि हळू म्हणाली, "साहब, ये पहनती हूँ तो गाड़ीवाले धीमे होते हैं. अच्छा है. बाइकवाले भी धीमे होते हैं. वो अच्छा नहीं है."

मला पटकन कळलं नाही. तीस वर्षं उजेड मोजणाऱ्या माणसाला कळलं नाही, लिहून ठेवा.

"अकेली औरत, सुनसान सड़क, ऊपर से चमक रही है," ती म्हणाली. "परसों दो लड़के साथ-साथ चलाते रहे, मोड़ तक. अँधेरे में गाड़ी को नहीं दिखती, तो उनको भी तो नहीं दिखती. आप मुझे मत चमकाओ. बत्ती जलवा दो. फिर सब सबको देखेंगे."

आमच्या क्षेत्रातल्या मोठमोठ्या विद्वानांची भाषणं मी झोप आवरत ऐकलेली आहेत. एवढं शहाणपणाचं बोलणं एकाही सभागृहात ऐकलं नाही. बाईला चमकायचं नव्हतं. तिला उजेडातून चालायचं होतं. त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कुठल्याही मानकात लिहिलेलं नाही, कारण मानकं आमच्यासारखी साडेपाचच्या बसनं घरी जाणारी माणसं लिहितात.

मी फाइल काढायला लावली. माझी नोट दोन आठवड्यांपुरती होती, असंच मी धरून चाललो होतो; पुढच्या चार वर्षांची कुण्या गाढवाची असणार. उघडली तर अक्षर माझं. 'पुढील आदेशापर्यंत', खाली माझी लफ्फेदार सही.

डायरेक्टर साहेबांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "देखो यार, ऑर्डर वापस लोगे तो लिखना पड़ेगा कि दो हफ़्ते का काम चार साल क्यों चला. एक्सप्लेनेशन माँगेंगे. तुम्हारे रिटायरमेंट में चार महीने हैं. क्लिअरन्स अटक जाएगा. अगलेवाले को करने दो." मग त्यांना एकदम सुचलं, "एक काम करो, तब तक अडव्हायझरी निकाल दो."

आणि मी काढली. हो, मीच. पत्रकावर एवढा आरडाओरडा करणाऱ्या या माणसानंच आपल्या हातानं लिहिलं: 'सर्व कर्मचाऱ्यांनी सायंकाळनंतर मार्गावरून जाताना फिकट रंगाचे कपडे वापरावेत.' हिंदी आणि इंग्रजीत टाइप करून नोटीस बोर्डावर लावली. सर्व कर्मचारी म्हणजे कोण? त्या रस्त्यावर एकटी तीच होती.

कमलेशनं ती झाडू हातात धरून वाचली, अक्षर अक्षर लावत. माझ्याकडे आली. "साहब, वो कागज़ मेरे लिए है?"

"सबके लिए है."

"अच्छा," म्हणाली आणि खोली झाडायला गेली.

त्या रात्री जेवताना हे सगळं मी बायकोला सांगितलं, जरा मीठमिरची लावून, म्हणजे डायरेक्टरचा दोष थोडा वाढवून. तिनं ऐकून घेतलं. पोळी वाढता वाढता म्हणाली, "सही तुमची आहे ना?"

"हो, पण..."

"मग परत सही करायला हात दुखतो का तुमचा?"

"शीला, चार महिने राहिलेत. क्लिअरन्स अडकलं तर पेन्शनही अडकेल. मी जायच्या आधी करीन ना शेवटच्या आठवड्यात."

"आणि ती तोवर उडत जाणार आहे का?"

मी म्हटलं, तुला ऑफिसातलं कळत नाही. तिनं उरलेली पोळी डब्यात ठेवली, मला वाढली नाही.

तेरा दिवस गेले. जानेवारी होता, धुकं उतरत होतं. संध्याकाळी पावणेसात. मी मैदानावरच होतो, जॅकेटच मोजत होतो. भिंतीपलीकडून ब्रेकचा आवाज आला आणि मग तो दुसरा आवाज, ज्याच्याबद्दल मी इतकी वर्षं अहवाल लिहिले होते आणि कधी ऐकला नव्हता.

सतबीर आणि मी टॉर्च घेऊन धावलो. कमलेश रस्त्याच्या कडेला खडीवर पडली होती, शुद्धीवर. मांडी भलत्याच ठिकाणी वाकलेली. गाडीवाला पळाला नव्हता. तरुण माणूस, कुठल्यातरी आयटी ऑफिसातला, गळ्यात ओळखपत्र. तो एकच वाक्य म्हणत होता, "दिखी ही नहीं, अंकल. कसम से, दिखी ही नहीं."

तो खरं बोलत होता! इतका खरा माणूस मला उभ्या आयुष्यात भेटला नाही. आणि मला त्याची कॉलर धरून गदागदा हलवायचं होतं, आणि मी हलवलं. सतबीरनं मला सोडवलं. मग त्याच पोराच्या गाडीत मागच्या सीटवर तिला घालून आम्ही हॉस्पिटलला नेलं. वाटेत ती विव्हळत नव्हती. तिची पिशवी मात्र छातीशी धरली होती आणि कुणाला घेऊ देत नव्हती.

चार दिवसांनी प्रयोगशाळेत चौकशी समिती बसली. घटना गेटबाहेर घडली, ठेकेदाराची कर्मचारी, म्हणजे आपली जबाबदारी नाही, हे आधी नोंदवून झालं. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. मी तज्ज्ञ. "एक्सपर्ट ओपिनियन चाहिए. शॉल का रंग क्या था?"

"भूरा."

"डार्क या लाइट?"

मी उठून उभा राहिलो. जे बोललो ते या अंकात छापण्यासारखं नाही, आणि ते भंडाऱ्याकडच्या बोलीत होतं, त्यामुळे कार्यवृत्तात 'तज्ज्ञांनी तीव्र भावना व्यक्त केल्या' एवढंच आलं. तिथून बाहेर पडलो तो थेट सतबीरकडे.

"रस्त्यावरचे दिवे लाव."

"ऑर्डर, साहब?"

"बंद करायची माझी होती. चालू करायचीही माझीच."

मला वाटलं आता केबल तपासायला लागेल, अथॉरिटीला पत्र जाईल, रस्ता खोदावा लागेल. सतबीर मला चहाच्या टपरीमागे घेऊन गेला. तिथे भिंतीवर एक पत्र्याची पेटी होती. चार वर्षं मी त्या पेटीला पाठ टेकून चहा प्यायलो आहे. त्यानं कुलूप उघडलं, आत एक खटका होता, खाली पडलेला, कोळ्यानं वर जाळं केलेलं. त्यानं बोटानं तो वर केला.

बाहेर येऊन पाहिलं. अकरापैकी सात लागले. उरलेल्या चारांचे दिवे गेले होते.

मग मी नोट लिहिली, संपूर्ण, काही न लपवता. माझ्या चुकीमुळे, माझ्या आळसामुळे, माझ्या सहीनं. एक्सप्लेनेशनची वाट पाहिली. आलं नाही. क्लिअरन्स वेळेवर आलं. निरोप समारंभात मला शाल, श्रीफळ आणि पितळी समई मिळाली, आणि डायरेक्टर साहेब म्हणाले की या माणसानं देशाच्या रस्त्यांवर प्रकाश आणला. माझी नोट कुणी वाचलीच नव्हती. ज्या भीतीपायी मी तेरा दिवस काढले, ती भीती कुठे अस्तित्वातच नव्हती. याचा राग मी कुणावर काढू? आहेत का कुणाकडे उमेदवार? मी आरशासमोर उभा राहून प्रयत्न केलेला आहे, उपयोग होत नाही. म्हणून मग सेक्रेटरींच्या दारात जाऊन ओरडतो.

ठेकेदारानं कमलेशच्या जागी दुसरी बाई ठेवली. कमलेशच्या मांडीत सळई घातली होती, वाकून झाडू मारणं संपलं.

निवृत्तीनंतर मी तिच्या घरी गेलो, नोएडाच्या पुढे दादरी गावाच्या बाजूला. एका खोलीत ती खाटेवर बसली होती, सून चुलीशी, उशाला काठी. मी फळं नेली होती. ती ठेवून घेतली. इकडचं तिकडचं झालं, नातवाची शाळा, सुनेचं माहेर. मग तिनं विचारलं, "साहब, बत्ती जल गई? सतबीर का फ़ोन आया था."

"जल गई. अब तो ग्यारह के ग्यारह."

"अच्छा." ती थोडी पुढे सरकली. "कितना टाइम लगा?"

मी गप्पिष्ट माणूस. मला काय काय सांगता आलं असतं! दिल्लीपर्यंत गेलो, मंत्रालयात टेबलावर मूठ आपटली, अथॉरिटीच्या दारात दोन महिने बसलो, खांबावर स्वतः चढलो. सगळं तोंडाशी आलं होतं, आणि तिनं विश्वासही ठेवला असता. तिला बरं वाटलं असतं, की एवढं अवघड काम होतं, म्हणून राहिलं.

"दो मिनट," मी म्हणालो.

 मग मान वळवून तिनं सुनेला हाक मारली.

"बहू, चाय रहने दे. साहब जा रहे हैं."

मी तोवर उठलोही नव्हतो.